चारशे सतराची दुरुस्ती

"दारात आलेल्याला आधी पाणी, मग बसायला जागा, आणि मग विचारायचं, कोण हो आपण. आणि हे बघ, बाहेरच्या एका तरी माणसाच्या पोटात चार घास गेल्याशिवाय आपण ताटावर बसायचं नाही. रोज. अंगात ताप असला तरी."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा काकू बावीस वर्षांच्या होत्या आणि हातातलं भांडं खाली ठेवून "बरं" म्हणाल्या होत्या. त्या 'बरं'ला आता एकोणचाळीस वर्षं झाली. सासूबाई देवाघरी गेल्या, घर बदललं, गुडघ्यांनी संप पुकारला. पण साडेअकराचा सुमार झाला की तो आवाज काकूंच्या कानाशी येई, आणि काकू ओले हात पुसून गॅलरीत जाऊन उभ्या राहत. माणूस शोधायला.

व्रत घेणं सोपं असतं, माणूस मिळणं अवघड. पूर्वी दिवसाकाठी दहा जण दार वाजवायचे. आता पत्रं मोबाइलवर येतात, विजेचं मीटर खाली जिन्यापाशीच बसवलंय आणि सामान पोचवणारा पिशवी दाराला अडकवून लिफ्टमध्ये पळतो. इमारतीतल्या लोकांना तर काकूंची वेळ इतकी पाठ झाली होती, की साडेअकरा ते एक या काळात पहिल्या मजल्यावरून जाताना ते चपला हातात घेत. स्वयंपाक वाईट होता म्हणून नव्हे. तो चांगला होता हीच अडचण होती. तिथे एकदा बसलेला माणूस तीनशिवाय उठत नसे, आणि मग घरच्या जेवणाला हात लावला नाही म्हणून स्वतःच्या घरी बोलणी खाई.

महिन्याच्या नऊ तारखेला पाऊण वाजून गेला तरी कोणी सापडलं नव्हतं. भात निवत चालला होता. काकूंनी देवापुढे हात जोडून अगदी हळू आवाजात सांगितलं, "कोणीही चालेल." त्या 'कोणीही'वर त्यांनी जरा विचार करायला हवा होता असं काका पुढे अनेकदा म्हणाले. कारण त्याच क्षणी बेल वाजली.

दारात चाळिशीतला एक गृहस्थ उभा होता. टक्कल, टकलावर घाम, फाइलची बॅग छातीशी घट्ट धरलेली.

"जामीनदार इथंच राहतात का?" त्यांनी खडसावायचा प्रयत्न केला, पण आवाज मध्येच फाटला.

"या ना, या!" काकू म्हणाल्या. स्वर इतका आनंदाचा होता की गृहस्थांनी मागे वळून पाहिलं, आपल्या पाठीमागून कोणी पाहुणे येताहेत की काय.

"बाई, मी वसुलीला आलोय."

"हो हो. आधी पाणी घ्या."

"तीन हप्ते थकलेत..."

"सांगा ना सगळं. हात धुऊन घ्या, तो बघा नळ."

वसुलीवाल्यांना या धंद्यात येऊन दोनच महिने झाले होते. त्याआधी ते पडद्यांच्या दुकानात कापड मोजत. त्यांना शिकवलं होतं की दार उघडताच आवाज चढवायचा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, घरात पाय रोवून उभं राहायचं. बसल्यावर काय करायचं हे कोणी शिकवलंच नव्हतं. ते बसले. मग जेवले. मग दुसऱ्यांदा भात घेतला.

आतल्या खोलीत काका किराण्याचं बिल तपासत होते. काका निवृत्त हिशेब तपासनीस. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही चुकीची बेरीज पुढे गेली नव्हती, आणि याचं त्यांना जेवढं समाधान होतं तेवढं स्वतःच्या लग्नाचंसुद्धा असेल की नाही याची काकूंना शंका होती. त्यांच्या खिशाला अजून कचेरीतला तो लाल पेन असे. लग्नपत्रिका आली तरी आधी वार आणि तारीख जुळते का ते बघत.

'जामीनदार' हा शब्द कानावर पडताच त्यांनी बेरीज अर्ध्यावर सोडली.

झालं होतं असं. काकांचा धाकटा भाऊ, म्हणजे काकूंचे भाऊजी, यांनी दीड वर्षापूर्वी लघुउद्योगासाठी कर्ज काढून पुठ्ठ्याची खोकी करायचं मशीन घेतलं. जामीनदार म्हणून काकांनी सही केली. डोळे मिटून नव्हे! चौदा पानांचा करार त्यांनी दोन दिवस वाचला आणि त्यातले दोन पानांचे उलटे लागलेले क्रमांक दुरुस्त करून दिले. अकराव्या पानावर 'कर्जदाराने न भरल्यास जामीनदार भरील' असं होतं, तिथे त्यांना एकही चूक सापडली नाही, म्हणून ते पुढे गेले. सही करून झाल्यावर भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काही झालं तर मी आहे."

आणि झालं. भाऊजींना बुटांच्या दुकानाची सहा हजार खोक्यांची ऑर्डर मिळाली. भाऊजी उत्साही माणूस. दुकानात गेले, फळीवर मांडलेला बूट उचलला, लांबी-रुंदी-उंची मोजली, आणि रात्रंदिवस मशीन चालवून सहा हजार खोकी केली. काय सुंदर खोकी! पांढरी, ताठ, आतून गुळगुळीत, झाकण टक्क करून बसणारं. फक्त दुकानात फळीवर जोडातला एकच बूट मांडतात, दुसरा आत असतो, हे भाऊजींच्या ध्यानात आलं नाही.

"यात एक बूट मावतो," दुकानदार म्हणाला. "दुसऱ्याचं काय करू?"

"त्याला दुसरं खोकं," भाऊजी म्हणाले. "बुटांची घासाघास होणार नाही."

ऑर्डर गेली. खोकी राहिली. तीन हजार भाऊजींच्या गाळ्यात, दीड हजार त्यांच्या घरात आणि दीड हजार काकूंच्या पलंगाखाली, कपाटावर आणि न्हाणीघराच्या माळ्यावर.

तर आता ताटावरून उठून वसुलीवाल्यांनी बॅगेतून नोटीस काढली. तीस तारखेला दुपारी चारपर्यंत थकबाकी भरली नाही, तर एकतीसला मशीन उचलणार, आणि उरलेल्या कर्जासाठी या घरावर बोजा. एकूण थकबाकी अडतीस हजार दोनशे सहा.

काका बाहेर आले. कागद हातात घेतला. काकूंना वाटलं, आपला नवरा आता हादरेल, घाम फुटेल, खुर्चीत बसेल. काकांनी खिशातून लाल पेन काढला.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

वसुलीवाल्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचा भाव आला. सगळेच असं म्हणत.

"दंडव्याज तिन्ही महिने अठ्ठावीस दिवसांचं धरलंय. असे तीन महिने ओळीने येतात का कुठे? चारशे सतराचा फरक पडतो."

"म्हणजे कमी करायचे?"

"जास्त!" काका गरजले. "अडतीस हजार सहाशे तेवीस हवेत. कोण करतं तुमच्याकडे हे हिशेब?" आणि त्यांनी कार्यालयाच्या प्रतीवर जुनी रक्कम खोडली, वर नवी लिहिली, शेजारी छोटी सही ठोकली, तारीख घातली आणि कागद परत दिला. निवृत्तीनंतर इतके ताठ उभे राहिलेले काका काकूंनी पाहिले नव्हते.

वसुलीवाल्यांनी तो आकडा बोट ठेवून दोनदा वाचला. "काका," ते शेवटी म्हणाले, "असं आजवर कोणी केलेलं नाही."

"तेच तर," काका म्हणाले. "कोणी लक्षच देत नाही."

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली. तळमजल्यावरचे विमावाले ताबडतोब वर आले. हे गृहस्थ विमा विकत, आणि सल्ला फुकट देत. त्यातला सल्लाच लोकांना महाग पडे.

"सही केलीत? कागदावर? स्वतःच्या हाताने?" त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, वसुलीवाल्याला दार उघडायचं नसतं! दिवा बंद, पंखा बंद, श्वास हळू. तरी आलाच आत, तर घरातल्या बाईने सांगायचं, परगावी गेलेत, कधी येतील माहीत नाही. बुधवारी आणि शुक्रवारी ते दोनदा येतात, तेव्हा मागच्या जिन्याने जायचं."

"तुम्हाला फारच माहिती," काकू कौतुकाने म्हणाल्या.

"ऐकून आहे हो," विमावाले घाईने म्हणाले. "ऐकून."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला बेल वाजताच काका न्हाणीघरात शिरले आणि कडी लावली. काकूंनी पाणी दिलं, पान वाढलं.

"काका आहेत?" वसुलीवाल्यांनी विचारलं.

काकूंनी आयुष्यात कधी खोटं बोलून पाहिलं नव्हतं. आज प्रयत्न करावा म्हणून तोंड उघडलं, पण आतून काही येईना. "आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "पण आज ते नाहीत असं सांगायचं ठरलंय."

"मग तसं सांगा ना."

"ते मला जमत नाही."

"बरं, मी तसं लिहितो."

"तुम्ही कशाला माझ्यापायी खोटं लिहिता? भाजी घ्या."

वसुलीवाले विचारात पडले. रोजच्या भेटीचा तक्ता त्यांना भरावा लागे आणि त्यात 'जामीनदाराचा प्रतिसाद' असा रकाना होता. आदल्या दिवशी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'उत्तम. मीठ किंचित कमी.' आता ते पेन घेऊन मोठ्याने वाचत लिहू लागले, "थकबाकी... अडतीस हजार... दोनशे सहा..."

"सहाशे तेवीस!" न्हाणीघरातून आवाज आला. बादली उपडी झाली. "सहाशे तेवीस! दुरुस्ती करून दिलीय ना मी!" कडी निघाली आणि पायजम्याच्या टोकापर्यंत भिजलेले काका बाहेर आले, तेही डोक्यावर एक खोकं घेऊन, कारण माळा हादरला होता.

त्या दिवसापासून लपणं बंद झालं. वसुलीवाले रोज साडेबाराला येत, काकूंचं व्रत रोज वेळेवर पार पडे, आणि जेवणानंतर काका त्यांचे तक्ते तपासून देत. बिचाऱ्यांच्या बेरजा दर आठवड्याला चुकत आणि त्यांचं कमिशन कापलं जाई. काकांनी आकडे लावून दिले, पत्ते लावून दिले. एका पत्त्याशी ते थबकले. "तळमजला हवा, तुम्ही चौथा लिहिलाय," असं म्हणून त्यांनी तो लाल पेनने दुरुस्त केला. चौथ्या मजल्यावर दोन महिने कडी वाजवून थकलेले वसुलीवाले जाता जाता खाली थांबले, आणि दिवा-पंखा बंद करून, श्वास हळू करून बसलेल्या विमावाल्यांच्या दारावर टकटक केली. पुढे महिनाभर विमावाल्यांनी कोणाला सल्ला दिला नाही.

सोळा तारखेला काका आणि भाऊजी मुदत मागायला वसुली कार्यालयात गेले. काकूही गेल्या, कारण काका रागावले की त्यांच्या बाहीला हात लावायला कोणीतरी लागतं.

खिडकीतल्या बाईंनी खातं उघडलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "या खात्यावर दुरुस्ती पडलीय."

"मीच केली," काका नम्रपणे म्हणाले. कौतुक स्वीकारायला ते एक पाऊल पुढे सरकले होते.

"म्हणून खातं अडकलंय. मुख्य कार्यालय मंजूर करेपर्यंत पैसे घेता येत नाहीत."

"म्हणजे सहाशे तेवीसने भरले तर?" भाऊजींनी विचारलं.

"ती रक्कम मंजूर नाही."

"दोनशे सहाने भरले तर?"

"तिच्यावर हरकत आहे."

"मंजुरीला किती दिवस?"

"कामाचे पंचेचाळीस."

"आणि मशीन उचलायला येतात ते?"

"तो विभाग वेगळा. त्यांचं काही अडकलेलं नाही," बाई म्हणाल्या, अगदी धीर दिल्यासारख्या. मग त्यांनी खिडकीखालून एक छापील फॉर्म सरकवला. "नाहीतर हा भरा. एकच ओळ आहे."

काकांनी ओळ वाचली. 'मी केलेली दुरुस्ती चुकीची असल्याने ती मागे घेत आहे.'

काकूंनी बाहीला हात लावला, पण उशीर झाला होता.

"चुकीची?" काका म्हणाले. "माझी दुरुस्ती? दोनदा उलटून पाहिलीय मी! मी पैसे जास्त काढले आणि चूक माझी? अहो, चौतीस वर्षं..." पुढची चौतीस वर्षं त्यांनी रांगेतल्या एकवीस जणांना उभ्याउभ्या सांगितली. फॉर्म न भरता, मान ताठ ठेवून ते पायऱ्या उतरले. शेवटची पायरी चुकली तेवढीच.

रस्त्यात भाऊजी म्हणाले, "दादा, एका ओळीसाठी माझं मशीन घालवणार?"

"तू एक बूट मोजलास तेव्हा मी काही बोललो?"

"मग आता बोललासच की."

दोघे भाऊ रस्त्याच्या दोन बाजूंनी घरी आले. काकू मधून चालल्या. एक हॉर्न वाजला तेव्हा त्या काकांच्या बाजूला आल्या, दुसरा वाजला तेव्हा भाऊजींच्या. 'काही झालं तर मी आहे' असं काकांनी म्हटलं होतं, ते त्यांना आठवत होतं. काकांनाही आठवत असणार, कारण त्या दिवशी त्यांनी किराण्याचं बिल तपासलं नाही.

तरीही भरायला पैसे तर हवेतच; ते कुठे होते? आणि इथून पुढचा आठवडा असा गेला की काकूंना आठवला तरी अजून धाप लागते.

तेवीस तारखेला वसुलीवाले आलेच नाहीत. त्यांच्या 'मीठ किंचित कमी'ची चौकशी होऊन त्यांची दुसऱ्या भागात बदली झाली होती. त्यांच्या जागी आले त्यांचे मोठे साहेब. रुंद खांदे, जाड आवाज, आणि दार उघडायच्या आधीच बोलायला सुरुवात.

"इथं माझी माणसं जेवतात म्हणे! मी जेवायला आलेलो नाही!"

"पाणी तरी..."

"थकबाकीदाराच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, नियम आहे!" ते भिंतीशी पाय रोवून उभे राहिले आणि ओरडू लागले. काकू ऐकत राहिल्या. एक वाजला. दोन वाजले. साहेब दमले, पण बसले नाहीत. काकू बसल्या, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"काय होतंय यांना?" साहेबांचा आवाज एकदम उतरला.

"सकाळपासून उपाशी आहे ती," काका म्हणाले. "बाहेरचा माणूस जेवल्याशिवाय ती जेवत नाही. आज बाहेरचे तुम्हीच आहात."

"हा कसला दबाव?"

"दबाव नाही हो," काकू क्षीण आवाजात म्हणाल्या. "तुमचा नियम तुम्ही पाळा. माझा मी पाळते."

साहेब खोलीत दोन फेऱ्या घालून आले. अशा वेळी काय करायचं याबद्दल त्यांच्या नियमपुस्तकात काही नव्हतं. "इथं नाही खाणार," ते शेवटी म्हणाले. "बांधून द्या. कार्यालयात खाईन. शपथेवर. तुम्ही जेवा लगेच!"

बांधायला काही सापडेना. डबा द्यावा तर परत आणायला ते पुन्हा येतील, हा विचार काकांच्या मनात आला. तेवढ्यात काकूंनी कपाटावरचं खोकं उचललं, आत स्वच्छ कागद घातला, भात एका कडेला, भाजी दुसऱ्या कडेला. झाकण टक्क करून बसलं. एका बुटाच्या मापाचं ते खोकं एका माणसाच्या जेवणाला असं बसलं, की भाऊजींनी तो बूट मोजला तो यासाठीच असं वाटावं.

साडेचारला साहेबांचा फोन आला. काकांनी तो कानापासून वीतभर लांब धरला.

"ते खोकं कुठून आणलंत?"

"का? गळलं?"

"गळत नाही, तेच म्हणतोय! आमच्याकडे जेवण पोचवणारा खानावळवाला समोर उभा आहे. रोज तीनशे जेवणं पाठवतो, नऊला एक खोकं घेतो आणि तेही पिचकतं. त्याला किती देता?"

काकांनी फोन ठेवला, चपला न घालता जिना उतरले आणि ज्या भावाशी आठवडाभर बोलले नव्हते त्याच्या गाळ्यात धावत शिरले. "खोकी!" एवढंच म्हणाले. "खोकी!" भाऊजींना वाटलं मशीन उचलायला आले, ते मशीनला मिठी मारून उभे राहिले.

खानावळवाला चारवरून सुरू झाला, भाऊजी आठवर अडले, सौदा सहाला पटला. सगळी सहा हजार, साहेबांकडचं नमुन्याचं खोकं धरून, रोख. पुढचे दोन दिवस इमारतीच्या जिन्यावरून खोक्यांच्या उतरंडी खाली जात होत्या. विमावालेही चार खेपा घालून गेले, तोंडातून शब्द न काढता. सहा हजार गुणिले सहा, छत्तीस हजार. दोन हजार काकूंनी तांदळाच्या डब्यातून काढून दिले आणि दोनशे सहा भाऊजींच्या सगळ्या खिशांतून मिळून निघाले. जुन्या आकड्याला एक पैसाही कमी नाही, एक जास्त नाही. नव्या आकड्याला चारशे सतरा कमी, आणि आता घरात कोणाकडेच काही उरलं नव्हतं. पेन्शन एक तारखेला.

तीस तारखेला दुपारी साडेतीनला तिघं खिडकीशी उभे होते. पैसे मशीनवर नव्याने काढलेल्या एका खोक्यात, भाऊजींच्या पोटाशी. काकूंच्या पिशवीत तसंच दुसरं खोकं होतं, त्यात जेवण; कारण निघायच्या धांदलीत आज बाहेरचा माणूस राहूनच गेला होता आणि काकू सकाळपासून रिकाम्या पोटी होत्या.

"फॉर्म?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

भाऊजींनी दादाकडे पाहिलं. लहानपणी काही फुटलं, सांडलं की ते असेच बघत, हे काकूंना सासूबाईंनी सांगितलं होतं. काकूंनी आज बाहीला हात लावला नाही. ज्या माणसाला आपण कधी खोटं बोलायला लावलं नाही, त्याला आज 'लिही' कसं म्हणायचं? आणि 'नको लिहू' तरी कसं म्हणायचं? त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या.

घड्याळात तीन चाळीस. काकांनी फॉर्म घेतला. लाल पेन काढला. एकदा भावाकडे पाहिलं. मग 'चुकीची असल्याने' हे शब्द त्यांनी सरळ रेघ मारून खोडले, शेजारी छोटी सही केली, तारीख घातली. आता ओळ अशी राहिली: 'मी केलेली दुरुस्ती ती मागे घेत आहे.' त्यांना ते बघवेना. 'ती'सुद्धा खोडलं. तिथेही सही केली.

"अहो!" बाई खिडकीत अर्ध्या उभ्या राहिल्या. "तुम्ही दुरुस्ती मागे घ्यायच्या फॉर्मवर दुरुस्ती केलीत!"

भाऊजींच्या हातातलं खोकं घसरलं. रांगेतले लोक पुढे सरकले. कोणीतरी म्हणालं, "आता हिला मंजुरी किती दिवस?"

"बाई," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका हळू होता की काकूंना तो स्वतःचाच वाटला, "मी ती मागे घेतो. भाऊ माझा आहे. पण चूक होती असं मी नाही लिहू शकत. आणि ते चारशे सतरा मी परवा पेन्शन झाली की आणून देईन."

"परवा कशाला? दोनशे सहाने भरलंत की थकबाकी शून्य. कोणी मागणार नाही."

"तुमच्या मशीनला शून्य दिसेल. मला नाही दिसणार."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. फॉर्मकडे पाहिलं. आतल्या केबिनच्या काचेमागे मोठे साहेब उभे होते. ते एकदम छताकडे पाहू लागले.

"हरकत खात्यावर होती," बाई सावकाश म्हणाल्या. "फॉर्मवरची सही-खूण तर केलेलीच आहे. फॉर्मवरच्या खाडाखोडीबद्दल नियमात काही नाही." आणि त्यांनी शिक्का उचलला.

तो शिक्का पडल्याचा आवाज! काकूंनी आयुष्यात अनेक घंटा ऐकल्या, पण इतकी गोड एकही नाही. भाऊजींनी दादाला मिठी मारली, तीही मशीनला मारली होती तशीच, दोन्ही हातांनी, गाल चिकटवून. रांगेने टाळ्या वाजवल्या. एक जण तर स्वतःची नोटीस घेऊन काकांकडे आला, "जरा ही बघता का?"

पावती हातात आल्यावर काकूंनी पिशवीतलं खोकं काढून खिडकीत ठेवलं. "तुम्ही जेवला नसाल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळपासून खिडकी उघडीच आहे ना. आधीच देणार होते, पण शिक्क्याच्या आधी दिलं असतं तर ते वेगळं झालं असतं."

बाईंनी झाकण उघडलं आणि पहिला घास घेतला. काकू तिथल्याच बाकावर बसल्या. भाऊजींनी समोरच्या दुकानातून पाव आणून दिला, तो त्यांनी डोळे मिटून खाल्ला.

एक तारखेला सकाळी मशीनचा आवाज तीन गल्ल्यांपर्यंत येत होता. खानावळवाल्याची नवी ऑर्डर होती, आणि या खेपेला भाऊजी जेवणाचं ताट मोजून आले होते. अख्खं.

काका बँकेतून पेन्शन घेऊन आले. टेबलाशी बसून त्यांनी चारशे सतरा मोजले, पुन्हा मोजले, पाकिटात घातले आणि पाकिटावर आकडा लिहिला. "घेतील का हो ते?" काकूंनी विचारलं. "कुठल्या रकान्यात घालतील?"

"रकाना त्यांनी शोधायचा," काका म्हणाले. "रक्कम मी न्यायची."

त्यांनी बूट पुसले. खिशाचा लाल पेन काढला, क्षणभर हातात धरला आणि टेबलावरच ठेवला. काकूंनी स्वयंपाकघरातून एक खोकं आणलं, अजून गरम, आणि त्यांच्या हातात दिलं.

"तिकडे कोणीतरी उपाशी असेलच," त्या म्हणाल्या. "जेवले की एक फोन करा, म्हणजे मला बसता येईल."

"बरं," काका म्हणाले.

ते एका हातात पाकीट आणि एका हातात खोकं घेऊन जिना उतरले. तळमजल्यावर विमावाल्यांचं दार बोटभर उघडलं आणि पुन्हा मिटलं. काकू गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. साडेअकरा वाजले होते, पण आज त्या रस्त्यावर माणूस शोधत नव्हत्या. कोणी बोलावलेलं नसताना, कोणी मागितलेलं नसताना, गर्दीच्या कडेकडेने चालत निघालेल्या एकाच माणसाकडे त्या वळणापर्यंत बघत राहिल्या.